प्रस्थापितांना पाडून बाहेरचा माणूस निवडून कसा येतो? (आणि दहा वर्षांनी परत तेच घराणं का?)

शिरोळचा_नातू

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, शेवटी धागा काढला. मी मूळचा शिरोळ तालुक्यातला, नोकरीला पुण्यात. २००९ च्या लोकसभेला कॉलेज संपवून घरी होतो आणि राजू शेट्टींच्या बाजूनं आमच्या गावच्या बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसलो होतो. हातकणंगले मतदारसंघ तेव्हा नवीनच झालेला, आधीचा इचलकरंजी. त्या इचलकरंजीतनं बाळासाहेब माने पाच वेळा खासदार, मग दोनदा कल्लाप्पाण्णा आवाडे, मग बाळासाहेबांच्या सूनबाई निवेदिता माने दोनदा. म्हणजे १९७७ पासनं दोनच घरं. आणि त्यांच्या समोर उभा कोण, तर शेतकरी संघटनेतनं आलेला माणूस, झेडपीचा मेंबर मग आमदार, पण ना स्वतःचा कारखाना ना बँक ना शिक्षणसंस्था.

प्रचाराला पैसा नाही म्हणून "एक व्होट, एक नोट". सभेला गेलेला माणूस मतही देणार आणि वर पदरची नोटही देणार. माझ्या आज्जीनं बटव्यातनं दहाची नोट काढून दिली होती, आणि ही आज्जी लग्नाचा आहेर सुद्धा दहा वेळा विचार करून करायची. निकाल लागला तर पंचाण्णव हजारांच्या आसपास लीड. २०१४ ला आवाडेंच्या विरोधात तर पावणेदोन लाखांच्या वर.

आणि मग २०१९. शेट्टी पडले. पाडलं कुणी, तर निवेदिता माने यांच्या मुलानं, धैर्यशील माने यांनी, शिवसेनेकडनं. २०२४ ला परत माने आणि शेट्टी तर तिसऱ्या नंबरवर. मतदार तेच, गावं तीच, ऊस तोच. ज्या घराला आम्ही वर्गणी काढून घरी बसवलं त्याच घरातल्या पोराला आम्हीच दिल्लीला पाठवलं.

तर प्रश्न दोन आहेत. एक, असा माणूस मुळात येतो कसा? दुसरा, मग लोक मागे का फिरतात? पुस्तकातलं नको, तुम्ही जिथं राहता तिथं डोळ्यांनी बघितलेलं सांगा.

बार्शी_लाइट

वाचतोय. फार जवळचा विषय आहे. रात्री निवांत लिहितो.

पारनेरकर

दादा आमच्या नगरचं २०२४ चं उदाहरण ताजं आहे. विखे म्हणजे काय हे जिल्ह्याबाहेरच्याला पटकन कळत नाही. विठ्ठलराव विख्यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून जेमतेम तीन वर्षं झाली होती, त्यांच्यानंतर बाळासाहेब, मग राधाकृष्ण विखे, तेव्हाचे महसूलमंत्री, मग सुजय विखे, डॉक्टर आणि तेव्हाचे खासदार. चौथी पिढी. समोर निलेश लंके, हंग्याच्या शिक्षकाचा मुलगा.

प्रचारात विख्यांच्या बाजूनं लंकेंच्या इंग्रजीचा विषय निघाला, की दिल्लीत जाऊन हे बोलणार काय. मी त्या दिवशी सुप्याला चहाच्या टपरीवर होतो. तिथं एकजण पक्का विख्यांचा, त्याच्या पोराला त्यांच्याच शब्दावर नोकरी लागलेली, तो मोबाईलमधली ती क्लिप बघून गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, इंग्रजी तर माझ्या पोरालाबी येत नाही. बास एवढंच. मला तेव्हाच वाटलं की ही निवडणूक गेली त्यांच्या हातातनं. आणि जून महिन्यात लंकेंनी लोकसभेत शपथ घेतली ती इंग्रजीत, तो व्हिडिओ आमच्याकडं लग्नात बघत होते लोक.

पण नुसतं इंग्रजीवर निवडणूक होत नाही. कांदा होता. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी घातली ती उठवली ४ मे २०२४ ला आणि आमचं मतदान १३ मे ला. चाळीतला कांदा सडला त्याचं काय? आणि त्याच्या आधी कोविड. भाळवणीला लंकेंनी अकराशे बेडचं कोविड सेंटर चालवलं, आमदार स्वतः तिथंच झोपायचे. माझा चुलता तिथं अकरा दिवस होता. त्या काळात सख्खे लोक दारातनं परत जायचे. हे विसरत नसतात लोक. २८-२९ हजारांनी आले.

आकडेमोड

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

पहिली गोष्ट, लंके "बाहेरचे" कसे? २०१९ ला आमदार झालेले, पाठीशी शरद पवारांचा पक्ष. शेट्टीही आमदार होतेच. दुसरं, २०२४ लाच सांगलीत विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, लिफाफा चिन्ह, लाखाच्या आसपास फरकानं आले. सगळे पेपर लिहीत होते की प्रस्थापितांना धक्का. अहो पण ते वसंतदादांचे नातू! त्या लढतीत खरा बाहेरचा माणूस कोण होता तर चंद्रहार पाटील, डबल महाराष्ट्र केसरी, त्यांचं डिपॉझिट गेलं.

तिसरं आणि महत्त्वाचं. जिंकलेले लक्षात राहतात, पडलेले आपण विसरतो. २०१४ ला आम आदमी पक्षानं महाराष्ट्रात लोकसभा लढवली. ईशान्य मुंबईत मेधा पाटकर होत्या, नागपूरला गडकरींसमोर अंजली दमानिया. राज्यात एकही जागा आली नाही. मेधाताईंपेक्षा जास्त बाहेरचा, जास्त स्वच्छ, जास्त कष्टाचा माणूस कुठून आणणार? म्हणजे "लोक प्रस्थापितांना कंटाळतात म्हणून बाहेरचा येतो" हे अर्धंच झालं. कंटाळलेले तर लोक कायमच असतात.

शिरोळचा_नातू

@आकडेमोड राग कसला, हेच पाहिजे होतं. सांगलीचं बरोबर आहे, अपक्ष आणि बाहेरचा या दोन वेगळ्या गोष्टी. पण आमदार झाला म्हणजे माणूस आतला झाला असं आमच्याकडं कुणी मानत नाही. आमच्याकडं आतला म्हणजे ज्याच्या हातात तुमचा ऊस आहे तो.

दादरची_सुलभा

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठी असेन, म्हणून जुनी गोष्ट सांगते. १९६७. स. का. पाटील म्हणजे मुंबईचे बेताज बादशहा, तीन वेळा महापौर, काँग्रेसचा सगळा निधी त्यांच्या हातून जायचा असं म्हणत, आणि निवडणुकीच्या वेळी केंद्रात रेल्वेमंत्री. त्यांच्यासमोर दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस, वय ३६, मंगळूरहून आलेला मुलगा, टॅक्सीवाले आणि महापालिका कामगारांचा पुढारी. मी तेव्हा शाळेत होते. बाबा पालिकेत नोकरीला. घरी चर्चा एकच, की पाटलांना पाडता येतं का? कारण पाडता येतं असं कुणाच्या मनातच नव्हतं. जॉर्जची पोस्टरं नेमकी तेवढंच सांगत होती की तुम्ही स. का. पाटलांना पाडू शकता. ना जाहीरनामा, ना आश्वासनं. बाबा म्हणायचे की ते पोस्टर वाचलं आणि पहिल्यांदा लक्षात आलं की अरे खरंच, ही गोष्ट आपल्या हातात आहे.

आणि मराठी माणसाच्या मनात संयुक्त महाराष्ट्राचा राग होताच, मुंबई महाराष्ट्रात यायला पाटलांचा विरोध होता ते कोणी विसरलं नव्हतं. दहा वर्षं साठलेला राग एका कागदाच्या पोस्टरला मिळाला.

पण शिरोळच्या मुला, तुझा दुसरा प्रश्न इथेही लागू होतो. हेच जॉर्ज १९७१ ला त्याच मुंबईत पडले. पुढे १९७७ ला तुरुंगातून निवडून आले ते थेट बिहारमधून, मुझफ्फरपूरहून.

टॅक्सीवाल्याचा_पुतण्या

सुलभाताई, आमच्या काकांच्या टॅक्सीत जॉर्जसाहेबांचा फोटो शेवटपर्यंत होता. गणपतीच्या शेजारी. काकू म्हणायची एकाला तरी हार घाला, दोघांना परवडत नाही :)

शेतकी_काका

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात ३१ वर्षं काढली, आता रिटायर. नाव कारखान्याचं घेत नाही. तुम्ही सगळे बाहेरच्याच्या बाजूनं बोलताय म्हणून आतली बाजू मांडतो, मनापासून मांडतोय.

शेतकऱ्यावर कारखान्याची सत्ता कशी चालते हे नातू म्हणतोय ते खरं आहे, मीच ती राबवायचो. लागणीची नोंद आमच्याकडे. तोड कधी येणार ते आमच्या चिठ्ठीवर. ऊस वेळेवर तुटला तर वजन, नाहीतर मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळून टनामागं नुकसान. बिल निघालं की आधी सोसायटीचं कर्ज कापून घ्यायचं, मग उरलं ते खात्यावर. सोसायटी, जिल्हा बँक, कारखाना या तिन्हीकडं माणसं एकाच गटाची. वरनं फोन यायचा की अमक्याचा ऊस जरा मागं ठेवा. मी ठेवलाय. आज त्याचं वाईट वाटतं, पण ठेवलाय.

तरीपण एक सांगतो. त्याच कारखान्यानं आमच्या भागात रस्ते केले, लिफ्ट इरिगेशनचं पाणी आणलं, हायस्कूल काढलं, मुलींचं वसतिगृह काढलं. माझ्या दोन्ही मुली तिथंच शिकल्या. आंदोलनवाला येतो आणि म्हणतो पहिली उचल, म्हणजे उसाच्या पैशांचा पहिला हप्ता, एवढी पाहिजे. साखरेला किती मिळतात ते कोण बघणार? केंद्रानं साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये ३१ रुपये किलो केला आणि पुढं वर्षानुवर्षं तिथंच ठेवला, एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर, मात्र जवळपास दर वर्षी वर. मधला फरक कर्ज काढून भागवायचा. बाहेरच्या माणसाला हा हिशोब मांडायचा नसतो म्हणून त्याला मोठा आकडा बोलता येतो. लोकांना तो आकडा ऐकायला गोड लागतो. माझ्या मते निवडून येण्याचं अर्धं कारण इथंच आहे.

शिरोळचा_नातू

काका तुमच्या पोस्टबद्दल मनापासून आभार, एवढं सरळ कोण लिहितं. पण एक विचारतो. ऊस गाळपाला गेल्यापासनं १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे काही आंदोलनवाल्यांनी ठरवलेलं नाही, ऊस नियंत्रण आदेशातच लिहिलंय. ते व्याज तुमच्या ३१ वर्षांत किती वेळा दिलं गेलं? आमचे बाबा म्हणतात त्यांना एकदाही मिळालं नाही. शेट्टी सभेत उभं राहून नवीन काहीच मागत नव्हते, कायद्यात आहे तेवढंच मागत होते. फक्त ते मोठ्यानं म्हणायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

शेतकी_काका

मी असताना एकदाही नाही.

बूथ_क्र_११७

मुद्दा वेगळा आहे पण जोडलेला आहे. पूर्वी कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजायच्या आधी पेट्यांमधल्या पत्रिका एकत्र मिसळता यायच्या. ईव्हीएम आल्यापासनं प्रत्येक बूथचा आकडा वेगळा कळतो, आयोगाच्या फॉर्म २० मध्ये छापून येतो. म्हणजे कोणत्या गल्लीनं कुणाला किती दिलं ते पुढाऱ्याला दुसऱ्या दिवशी पाठ असतं. मी दोन निवडणुकांत एजंट होतो, मोजणीला प्रत्येक फेरीचा कागद घेऊन गावाची नावं वाचायचे आणि कुणाकुणाचे चेहरे पडायचे. तेव्हा मत गुप्त असतं म्हणू नका एकदम. माणसाचं गुप्त आहे, गल्लीचं नाही. तरी लोकांनी दिलं ही मोठी गोष्ट.

शिरोळचा_नातू

@बूथ हे अगदी बरोबर. आणि यातच मला माझ्या पहिल्या प्रश्नाचं थोडं उत्तर दिसतंय. एकटा शेतकरी कारखान्याविरुद्ध गेला तर त्याची तोड लांबते. सगळी गल्ली गेली तर? सगळा गाव गेला तर? पूर्ण गावाचा ऊस कारखाना वाळवू शकत नाही, त्यालाही गाळप करायचंय. म्हणून शेट्टींच्या ऊस परिषदेला, उसाचा दर मागायच्या त्या सभेला, जयसिंगपूरला जमणं महत्त्वाचं होतं. त्या मैदानात तुम्ही बघायचा की शेजारचापण आलाय. सोसायटीचा चेअरमन ज्याला भितो तोपण आलाय. एकमेकाला बघितल्यावर भीती जाते. नोटेचंपण तेच. दहा रुपयांनी काय निवडणूक होते? पण ज्यानं दहा दिले तो पाचशेला विकला जात नाही.

@आकडेमोड मेधाताईंचं मला वाटतं इथंच अडलं. त्यांच्यामागं नर्मदा होती, वस्त्या होत्या, पण त्या मतदारसंघातल्या बहुतेक लोकांचा रोजचा एकच एक दुखरा धागा तिथं नव्हता.

आकडेमोड

हे मान्य. "एकमेकाला बघितल्यावर भीती जाते" हे मी विचारात घेतलं नव्हतं. सुलभाताईंच्या पोस्टरचं पण तेच काम.

मिशिगनकर

इकडचं सांगतो. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला मॅकोंब काउंटीत राहतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, २००३ पासून. २००८ आणि २०१२ ला आमची काउंटी ओबामांकडे गेली आणि २०१६ ला ट्रम्पकडे. तीच माणसं. अख्ख्या मिशिगनमध्ये फरक किती, तर १०,७०४ मतं. देशभरची मतं मोजली तर हिलरी क्लिंटन २८ लाखांहून जास्त मतांनी पुढे होत्या, पण मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून ऐंशी हजारांच्या आतल्या फरकानं गेली आणि तिथेच सगळं संपलं. विस्कॉन्सिनला तर त्या उमेदवारी मिळाल्यावर प्रचाराला एकदाही गेल्या नाहीत.

आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, एक डाय (साचे) बनवणारा कारागीर होता, साठीचा, हातात जादू. १९९४ ला मेक्सिकोबरोबरचा नाफ्टा हा मुक्त व्यापाराचा करार लागू झाला, २००१ ला चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, त्याच्या गल्लीतली एकेक शॉप बंद होत गेली. २००८ ला बँकांना वाचवायला सातशे अब्ज डॉलरची तरतूद झाली आणि त्याच वर्षी त्याच्या भावाचं घर बँकेनं जप्त केलं. तो मला म्हणाला होता की दोन्ही पक्षांनी मला हेच सांगितलं की मुक्त व्यापार शेवटी सगळ्यांच्या भल्याचा असतो, आणि हे "शेवटी" माझ्या आयुष्यात येणार नाहीये. शिरोळच्या मित्राचं दोन घरांचं वाचून अंगावर काटा आला, कारण २०१६ च्या सुरुवातीला इथेही लोक म्हणत होते की एकीकडे बुश घराण्यातला तिसरा आणि दुसरीकडे क्लिंटन घरातली दुसरी, पुन्हा तेच का? ट्रम्पनी आधी स्वतःच्या पक्षातल्या सोळा जणांना हरवलं हे लोक विसरतात. आणि नगरच्या इंग्रजीसारखंच इथे झालं. सप्टेंबरमध्ये क्लिंटन बाईंनी ट्रम्पच्या अर्ध्या समर्थकांना "डिप्लोरेबल" म्हणजे निंद्य म्हटलं, दुसऱ्या आठवड्यात लोकांनी तो शब्द टीशर्टवर छापून घातला.

मी स्वतः ट्रम्पना मत दिलं नाही. मला भीती वाटली होती, आजही वाटते, कारण त्या रागाला त्यांनी वाट करून दिली ती परदेशातून आलेल्या माणसांच्या दिशेनं. माझ्या मुलाला शाळेत त्या नोव्हेंबरमध्ये "परत जा" ऐकावं लागलं. म्हणून मला एक सांगावंसं वाटतं की राग खरा असणं आणि तो योग्य माणसावर निघणं यात फार अंतर आहे. शेट्टी लोकांना कारखान्याच्या दारात नेत होते, ज्यांच्याकडे पैसे अडकलेत त्यांच्याच दारात. इथे शॉप बंद केली कुणी आणि शिक्षा झाली कुणाला!

यमुनापार

दिल्ली. २०१३ चं माझ्या डोळ्यांसमोर आहे. आम आदमी पक्ष स्थापन नोव्हेंबर २०१२ ला, वर्षभरात निवडणूक, ७० पैकी २८, आणि केजरीवालांनी शीला दीक्षितांना त्यांच्याच मतदारसंघात पाडलं, त्या पंधरा वर्षं मुख्यमंत्री होत्या. ४९ दिवसांत राजीनामा, सगळे म्हणाले संपले, आणि २०१५ ला ६७. आमच्या गल्लीत भाडेकरू जास्त. त्यांचा विषय लोकपाल नव्हताच, वीजबिल आणि पाण्याचा टँकर होता.

पारनेरवाल्या दादांना एक आठवण, हे सगळं सुरू झालं राळेगणसिद्धीच्या अण्णांच्या उपोषणातून आणि राळेगण तुमच्याच तालुक्यात.

फेब्रुवारी २०२५ ला २२ वर आले आणि केजरीवाल स्वतः पडले. माझी कामवाली बाई दोन्ही वेळा झाडूला मत देणारी. यावेळी म्हणाली, पहले गली में आते थे, अब टीवी में आते हैं. केजरीवालांच्या सरकारी बंगल्याच्या खर्चाची चर्चा तिनं ऐकली होती, पण मला नाही वाटत तिला बंगल्याचा राग होता. गल्लीत न येण्याचा होता.

पारनेरकर

@यमुनापार हो ना, एकाच तालुक्यातनं दोन गोष्टी. तुमच्या बाईंचं ऐकून बोलायचं टाळत होतो ते बोलतो. लंके खासदार झाले आणि सहा महिन्यांत पारनेर विधानसभेला उमेदवारी त्यांच्या पत्नीला. थोडक्यात पडल्या. मी लोकसभेला स्वतःच्या गाडीत डिझेल घालून फिरलो होतो. विधानसभेला घरात बसलो. वहिनींविषयी माझी काही तक्रार नाही, कष्टाळू आहेत. पण आम्ही चार पिढ्यांच्या विरोधात भांडलो होतो ना. तालुक्यात दुसरा एकही कार्यकर्ता नव्हता का?

कोयत्याची_लेक

मी बीड जिल्ह्यातली. आईबाप ऊसतोडीला जायचे, मी पाचवीपर्यंत कोल्हापूर सांगलीकडच्या फडातच वाढले, नंतर आजीकडे राहून शिकले, आता नर्स आहे. हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की आमचं कुणी नाव तरी घेतंय का.

तुमच्या ऊस परिषदेत उचल म्हणजे टनाला मिळणारे पैसे. आमच्याकडे उचल म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जी फेडायला जोडप्यानं सहा महिने कोयता चालवायचा. एकच शब्द, पण तुमच्यासाठी येणं आणि आमच्यासाठी देणं. शेट्टीसाहेबांच्या आंदोलनात तोडी बंद पडल्या की टोळी फडात बसून राहायची आणि त्या दिवसांचा खाडा आमचा. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये आंदोलन पेटलं तेव्हा आम्ही खोपटात बसून होतो, आई म्हणायची भांडण दोन मालकांचं आहे. मी हे आरोप म्हणून लिहीत नाही, तिला तसं दिसायचं म्हणून लिहिते.

आणि मतदान? नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला आमच्या वस्तीवरच्या किती घरांना कुलूप होतं, सगळे कारखान्यावर. ज्याला मतदानाच्या दिवशी घरीच राहता येत नाही त्याच्यासाठी बाहेरचा माणूस कुठून येणार?

शिरोळचा_नातू

ताई, दोनदा वाचलं. आमच्या शेतातपण बीडच्याच टोळ्या यायच्या. मी आंदोलनाच्या दिवसांत रस्त्यावर होतो आणि बांधावर कोण बसून आहे हे मला खरंच दिसलं नव्हतं.

शेतकी_काका

लेकी, तुझ्या पोस्टला माझ्याकडं उत्तर नाही. खोपटं मी ३१ वर्षं बघितली.

बार्शी_लाइट

रात्री लिहितो म्हणालो आणि तीन दिवस गेले. मला नातूच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय कारण सगळे पहिल्यावरच रेंगाळलेत.

शेट्टी का पडले याची पेपरातली कारणं सगळ्यांना माहीत आहेत. वंचितच्या उमेदवारानं सव्वा लाखाच्या आसपास मतं घेतली. मोदींची लाट होती. जातीचा प्रचार झाला, तो फार विषारी झाला आणि ज्या माणसाची जात दहा वर्षं कुणी काढली नव्हती त्याची २०१९ ला काढली. सगळं खरं. पण मला वाटतं मूळ वेगळं आहे. २०१४ ला ते भाजपबरोबर गेले, त्यांच्याच संघटनेतले सदाभाऊ खोत २०१६ ला मंत्री झाले, मग दोघांची फारकत, मग २०१७ ला एनडीए सोडली आणि २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर. म्हणजे ज्या कारखानदारांच्या गाड्या अडवल्या त्यांच्याच व्यासपीठावर. राजकारण म्हणून बरोबर असेल, एकट्यानं किती लढणार. पण ज्या बाईनं दहाची नोट दिली तिनं ती नोट कारखानदाराच्या विरोधात दिली होती. त्याच स्टेजवर दोघं एकत्र दिसल्यावर तिनं काय समजायचं?

घराण्याचं तसं नसतं. माने राष्ट्रवादीतनं सेनेत गेले तरी लोक काही म्हणाले नाहीत, कारण त्यांच्याकडनं तशी अपेक्षाच नव्हती. बाहेरच्याकडनं असते. त्याला पक्ष बदलण्याची, तडजोडीची, थकण्याची सुद्धा परवानगी नाही. प्रस्थापिताला मात्र सगळं माफ. हे मला फार अन्यायाचं वाटतं, आणि तरी मी स्वतः तसाच वागतो.

हैदराबादचे_देशपांडे

बार्शीवाल्यांना पूरक. एनटी रामारावांनी १९८२ च्या मार्चमध्ये पक्ष काढला आणि १९८३ च्या जानेवारीत मुख्यमंत्री झाले, नऊ-दहा महिन्यांत. आधीच्या पाच वर्षांत दिल्लीनं आंध्रचे चार मुख्यमंत्री केले होते, आणि बेगमपेट विमानतळावर मुख्यमंत्री अंजय्यांचा अपमान झाला ते लोकांच्या जिव्हारी लागलं. तो काही सगळ्यांना आवडता मुख्यमंत्री नव्हता, पण तो आमचा होता ना. वरून दोन रुपये किलो तांदूळ. अपमान आणि तांदूळ दोन्ही लागतात. नुसत्या अपमानावर एक निवडणूक निघते, दुसरी तांदळावर.

दादरची_सुलभा

देशपांडे, तुमचं शेवटचं वाक्य आमच्या नाश्त्याच्या टेबलावर वाचून दाखवलं.

आकडेमोड

नातू, एक राहिलंच. तू म्हणालास आजी, बाबा, तू सगळे २००९ ला एका बाजूला. २०१९ ला तुझ्या घरी काय झालं? खाजगी वाटलं तर सोडून दे.

शिरोळचा_नातू

नाही, सांगतो. आज्जी २०१६ ला गेली. मी २०१९ ला पुण्याहून गावी जाऊन मत दिलं, शेट्टींनाच, स्टेजवर कोण होतं ते बघून पोटात तुटलं तरी. २०२४ लापण.

बाबांनी काय केलं ते मला माहीत नाही. हा प्रश्न आला म्हणून काल रात्री फोन करून पहिल्यांदाच सरळ विचारलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्या गल्लीतनं शेट्टीला किती पडली ते बूथच्या कागदावर हाय, त्यात माझं कुठलं ते शोधून काढ. आणि मग विषय बदलून खोडव्याची (तुटलेल्या उसाच्या फुटव्याच्या पिकाची) नोंद अजून झाली नाही, कारखान्याचा स्लिपबॉय दोनदा येऊन परत गेला, एवढं बोलून फोन ठेवला.

शेतकी_काका

खोडव्याची नोंद राहिली असेल तर बाबांना म्हणावं गट ऑफिसला स्वतः जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तारखेचा शिक्का बघून घ्या म्हणावं. स्लिपबॉयवर थांबू नका.